ओट्याची शेवटची टाइल

आमची गाठ पडली टाइल्सच्या दुकानात. मी ओट्याचं माप सांगत होते, काउंटरमागचा तो किती टाइल्स लागतील ते कागदावर मांडत होता... आणि दर दोन आकड्यांनी वर बघत होता. मीही बघत होते, खोटं कशाला बोलू!

"लावणार कोण?" त्याने विचारलं.

"मीच. का, बायकांनी ओट्यापुढे नुसतं उभंच राहायचं?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला.

वहिनी बाळाला घेऊन दवाखान्यातून यायच्या आत तिला नवा ओटा करून दाखवते, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. "वाट लावशील," दादा म्हणाला होता.

वाट लागलीच. उद्या सकाळी वहिनी येणार आणि माझ्याकडे एकच टाइल उरलेली. तीही नळाची, मधोमध भोक पाडायची! दुकानात फोन केला, तर तो लॉटच संपलेला.

अर्ध्या तासात तो ड्रिल घेऊन दारात हजर.

"चूक माझी आहे. तुटफुटीच्या जादा टाइल्स धरायच्याच राहिल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा."

"अशा कशा राहिल्या?"

त्याने ड्रिलला टोक बसवलं. टाइल फळीवर ठेवून मी घट्ट धरली. त्याने ड्रिल टेकवलं, तर टोक थरथरतंय.

"अहो, हात कापतोय तुमचा."

"भीती वाटतेय..."

"टाइलची?"

"नाही." त्याने ड्रिल खाली ठेवलं. "ही तडकली, तर तुम्ही मला पुन्हा दारात उभं करणार नाही. म्हणून आधीच सांगतो — मी तुमच्याकडे बघत होतो, म्हणून चुकलो. मला तुम्ही फार आवडता."

वहिनीची भीती, दादाची भीती आणि आता ही तिसरी... तोंडातून पटकन 'हो' निसटेल याची.

"आधी भोक पाडा," मी कशीबशी म्हणाले.

ड्रिल किंचाळलं. टाइल तापू नये म्हणून मी पाणी सोडत राहिले, दोघांची बोटं पांढऱ्या चिखलाने माखली. भोक पडलं, आणि टक्! भोकापासून कडेपर्यंत बारीक तडा.

त्याचा चेहरा पडला. तो ड्रिलची वायर गुंडाळू लागला.

"कुठे निघालात?"

"तडा गेला ना..."

"टाइलला गेला. हीच बसवू या. आणि उद्या दहाला या, दादाला सांगायचंय."

"टाइलचं?"

"दोन्हींचं," मी म्हणाले, आणि टाइलच्या पाठीला सिमेंट लावायला घेतलं.