पकडण्याची इंग्रजी क्रियापदं

गिरगावातल्या त्या वाचनालयात इंग्रजीचा मोठा शब्दकोश एकच होता, आणि त्या शनिवारी दुपारी त्याच्यावर दोन हात एकदमच पडले. एक अंबिका परबचा. दुसऱ्याच्या बोटांना शाई लागलेली होती.

"माझं एकाच शब्दाचं काम आहे," शाईवाला म्हणाला.

"माझं बऱ्याच शब्दांचं आहे. तुम्ही थांबा."

असं तोडून बोलल्यावर माणूस निघून जातो, नाहीतर वाद घालतो. हा समोरची खुर्ची ओढून बसला आणि खरंच थांबला. अंबिका पानं अशी उलटत होती की ग्रंथपालांनी चष्म्यावरून दोनदा पाहिलं. एक शब्द काढायचा, ओठ आवळायचे, की पुढचा.

"कॅच, ट्रॅप, नॅब..." तिच्या कागदावरची यादी समोरून उलटी वाचत तो म्हणाला. "चोर पकडायचाय वाटतं?"

"हो."

"आणि सापडला तर?"

"विचारीन, रात्री झोप लागते का."

तो हसला. त्याचं हसू चांगलं होतं, याचाही अंबिकाला राग आला. तसा पावसाळ्यापासून तिला सगळ्याचाच राग येत होता. शाळेत इंग्रजी शिकवताना फळ्यावर खडू मोडायचा, घरी आईशी बोलताना आवाज चढायचा.

तो माधव कीर, माहीमचा. भाषांतरं करतो म्हणाला. कुठे, ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. मात्र पकडण्याची क्रियापदं शब्दकोशात कळत नाहीत, असं त्याचं म्हणणं पडलं. पकडणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघायचं. कॅचला नुसते हात पुरतात, म्हणून शिवाजी पार्कवर चेंडू कॅच होतो आणि परळला ट्रामसुद्धा. ट्रॅपवाल्याला धावावं लागत नाही. म्युनिसिपालटीच्या पिंजऱ्यात भज्याचा तुकडा ठेवायचा आणि आपण खुशाल घोरायचं, उंदीर आपल्या पायांनी येतो. स्नेअरला दोरीचा फास हवा. कॉर्नर केलेल्याच्या पाठीला भिंत हवी. नॅब हा नाक्यावरचा शब्द, वर्गात शोभत नाही. कॅप्चर करायला आधी लढाई लागते. सीझ म्हणजे झडप, तो म्हणाला, तेव्हा तिने त्याला अडवलं. जकातवाले माल सीझ करतात तेव्हा कुठे झडप असते? नुसता शिक्का असतो. त्याने ते लगेच मान्य केलं, आणि मान्य करताना तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आणि इंग्रज सर्दीपण कॅच करतो," ती म्हणाली.

"बिचारा. आपल्याला ती न पकडता होते."

अंबिका हसली. हसल्यावर तिला धक्काच बसला... बाबा गेल्यापासून ती हसली नव्हती. तो धक्का लपवायला तिने घाईने विचारलं, "मग अरेस्ट?"

"अरेस्टला काहीच लागत नाही. धाव नाही, जाळं नाही. एक माणूस उभा असतो, दुसरा येऊन सांगतो, चला. कोरडा शब्द."

तेव्हा तिने त्याला सांगितलं. परळच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारे तिचे बाबा, बुधाजी परब, धुतलेलं धोतर नेसून संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला गेले होते. जागा आधी जाहीर झालेली, वेळ जाहीर झालेली. पोलीस आले तेव्हा बाबांनी स्वतःच पुढे होऊन नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका मराठी दैनिकात छापून आलं, 'पळण्याच्या बेतात असलेले सत्याग्रही पोलिसांच्या जाळ्यात.' खाली नावं. ते वर्तमानपत्र बोटीने कोकणात गावी पोचलं, आणि थोरल्या काकांचा निरोप आला: पळायचंच होतं तर गेलास कशाला? बाबा सुटून आले ते येईल त्याला एकच सांगू लागले, मी पळत नव्हतो. पुढे विषमज्वर झाला. तापातही तेच वाक्य. तेवढ्यावरच ते गेले.

"बातम्यांच्या तारा इंग्रजीत येतात," अंबिका म्हणाली. "भाषांतर करणाऱ्याने कुठला तरी शब्द चुकीचा घेतला असणार. उभ्या माणसाला पळवणारं ते क्रियापद कुठलं, ते मला शोधायचंय."

माधवने पेनाचं टोपण लावलं. पुन्हा काढलं.

"तारेत अरेस्टेड होतं," तो म्हणाला. "एवढंच."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"ते भाषांतर माझं."

मग तो खाली मान घालून सांगत राहिला. वर्तमानपत्रात लागण्याआधी काही वर्षं त्याने एका साप्ताहिकासाठी शिकारीच्या गोष्टी मराठीत आणल्या होत्या. तिथे सावज नेहमी पळण्याच्या बेतात असायचं. नसलं तर संपादक करायला लावायचे. बातमीच्या टेबलावर हात त्याच वळणाने गेला. सकाळी तो ते विसरूनही गेला होता.

वाचनालयात मोठ्याने बोलायची सोय नव्हती. अंबिकाचा आवाज इतका खाली गेला की त्याला वाकून ऐकावं लागलं.

"तुमची एक ओळ रंगावी म्हणून माझे बाबा पळाले."

त्याने घरी येऊन माफी मागतो म्हटलं. ती म्हणाली, माफी घरात नको. खोटं जिथे छापलं तिथे खरं छापा. आमचे संपादक चूक कधी छापत नाहीत, तो म्हणाला, एकदा सुरुवात केली की अंत नाही म्हणतात.

"मग मला तोंड दाखवू नका," असं म्हणून ती उठली.

पुढच्या शनिवारी ती पुस्तक बदलायला गेली. तो नव्हता. नाही म्हणजे तोंड दाखवू नका म्हटलं होतं खरं... पण तो नाही याचाही तिला इतका राग आला की पुस्तक न बदलताच ती परतली.

रविवारी सकाळी, वाचनालयातून पत्ता काढून, लालबागच्या चाळीत तो दारं विचारत विचारत वर आला. शेजारच्या शेवंतीमावशींनी त्याचं गाव, आडनाव आणि लग्न झालंय का, एवढं जिन्यातच काढून घेतलं होतं. अंबिकाची आई, राधाबाई, उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत होती. अंबिका दारात आडवी उभी राहिली. त्याने तिच्या खांद्यावरून आत पाहत ताजा अंक उघडला आणि आईला वाचून दाखवलं:

"बुधाजी परब व त्यांचे सहकारी सत्याग्रहाच्या वेळी पळत नव्हते. ते ठरल्या जागी उभे होते व त्यांनी आपण होऊन अटक करून घेतली. 'पळण्याच्या बेतात' हे शब्द आमच्या पदरचे होते. भाषांतरकार, माधव कीर."

"संपादकांनी छापलं?" अंबिकाने विचारलं.

संपादक नाही म्हणाले होते. शेवटच्या पानावर एक जाहिरात आली नाही, तेवढ्या जागेत त्याने न विचारता हे बसवलं.

"आणि नोकरी?"

"आज सकाळीच गेली."

राधाबाईंचे हात सुपातच थांबले होते. "परत वाच," आई म्हणाली. त्याने वाचलं. "आणखी एकदा." शेवंतीमावशी, त्यांच्यामागे चाळीतली निम्मी माणसं, सगळ्यांनी उभ्याउभ्या ऐकलं.

"गावाक धाडूक आणखी अंक असा?" राधाबाईंनी विचारलं.

त्याच्या पिशवीत गठ्ठा होता.

"मगे हात धुवन घे. जेवन जा."

जेवताना अंबिका त्याच्याशी बोलली नाही. आमटी मात्र तिने वाढली, आणि भात संपायच्या आत पुन्हा वाढला. तो निघाला तेव्हा ती गॅलरीतून जिन्यापर्यंत त्याच्यामागे गेली.

"नोकरी घालवा असं मी म्हटलं नव्हतं."

"नव्हतं. तोंड दाखवू नका म्हटलं होतं. तेही मी ऐकलं नाही."

"माझा राग गेलेला नाही."

"मला दिसतंय." तो एक पायरी उतरला, थांबला. "तो जाईपर्यंत मी येत राहिलो तर... चालेल?"

"बाबांचा राग आहे तो. जन्मभर पुरेल."

"मग जन्मभर येईन," माधव म्हणाला. या खेपेला तो हसला नाही.

खाली कुणीतरी नळावर कळशी आपटली. अंबिका कठड्याला धरून उभी होती. डोळे भरले होते, पण आवाज तसाच, तापलेला.

"खालच्या वळणावर कठडा मोडका आहे," ती म्हणाली. "अंधारात येणार असाल तर त्याला धरू नका."