आत्याबाईंच्या भिंतीवरचा वॉलपेपर

ही गोष्ट कुणाकडून तरी उडत उडत ऐकलेली नाही. यातला शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

ज्याला हसायचं त्यानं हसावं.

आणि हे रात्री-बेरात्रीचंही नाही. जे घडलं ते भर दुपारी. गेल्या वर्षीचा एप्रिल. वसमत तालुक्यातलं हट्टा गाव. रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं, असलं ऊन.

शिवकन्या माझी मावसबहीण. हट्ट्यात दिलेली. अंगणवाडीत सेविका आहे. नवरा हरीश साखर कारखान्यात कामाला. एकुलती पोरगी दिपा नांदेडला नर्सिंग शिकते. घर तीन खोल्यांचं, स्लॅबचं, पंधरा वर्षांपूर्वी बांधलेलं. भुताखेताची शंका यावी असं त्या घरात काहीच नव्हतं.

फक्त मधली खोली होती.

त्या खोलीत हरीशची आई, मंजुळाबाई, तीन वर्षं पडून होती. शिवकन्या त्यांना आत्याबाई म्हणायची. लकव्यानं त्यांचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली. पलंग भिंतीला लागून होता. हाक मारता येईना, म्हणून त्या डाव्या हाताच्या नखांनी भिंत खरवडायच्या.

खर्र... खर्र...

पाणी हवं, खर्र. कूस बदलायची, खर्र. चादर ओली झाली, खर्र.

की शिवकन्या उठायची. जेवता जेवता उठायची, अंघोळ अर्धी टाकून उठायची. रात्री किती वेळा उठली हे तिनं मोजणं सोडून दिलं होतं. तीन वर्षांत ती सलग दोन तास झोपली नाही. पन्नाशी लांब होती, पण कमरेतून वाकून चालायला लागली होती.

वॉलपेपरच्या आदल्या वर्षीच्या जानेवारीत, कारखान्याचा सीझन चालू असताना, एका दुपारी आत्याबाई गेल्या. शिवकन्यानं सगळ्यांना सांगितलं, "झोपेतच गेल्या."

आलेल्या बायका तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "सुटलीस गं बाई."

पण ती सुटली नव्हती. रात्री दोनला डोळा उघडायचाच. चारला उघडायचाच. वर्षश्राद्ध झालं तरी तिची झोप परत आली नाही.

भिंतीवर पलंगाच्या उंचीला ताटाएवढी जागा खरवडून निघाली होती. हरीशनं दोनदा रंग मारला. चरे तसेच दिसायचे. दिपा सुट्टीला आली की त्या खोलीत झोपायची नाही.

शेवटी हरीशच म्हणाला, "वॉलपेपर लावून टाकू. विषय संपला."

वसमतहून रोल आणले. बदामी रंगावर फिकट हिरव्या वेली. लावायला देविदास नावाचा माणूस आला. कुरुंद्याजवळच्या तांड्यावरचा. पुण्यात सहा वर्षं हेच काम करून आलेला, हाताला सफाई.

आदल्या दिवशी त्यानं चरे पुट्टीनं भरले, वाळल्यावर घासून भिंत गुळगुळीत केली. भरता भरता त्यानं विचारलं, "वहिनी, इथं काय झालतं हो? उंदरानं पोखरलं काय?"

"न्हाई. माझ्या सासूबाई ऱ्हायच्या इथं."

या उत्तराचा त्याला काही अर्थ लागला नाही. पण त्यानं पुढं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं बादलीत खळ कालवली. ओळंबा सोडून भिंतीवर सरळ रेघ आखली. खिडकीकडून एकेक पट्टा लावत आला. हरीश कामावर होता. शिवकन्या अंगणवाडीतून दीड वाजता आली तेव्हा चार पट्टे लागले होते. खोली ओळखू येत नव्हती. तिला बरं वाटलं.

राहिला होता शेवटचा पट्टा. त्या जागेवरचा.

देविदासनं तो वरून चिकटवला, कोरड्या फडक्यानं मधून कडेकडे दाबत खाली आला. आणि थांबला.

पलंगाच्या उंचीला कागद फुगला होता. तळहाताएवढा.

त्यानं दाबला. बसला.

फडकं काढलं... परत फुगला. तिथंच.

"हवा धरून राहिली," म्हणत त्यानं टाचणी टोचली. फुगा बसला. आणि खोलीत वास आला.

कापूर आणि लसूण घालून कडवलेल्या तेलाचा.

"वहिनी, आत काही तापत ठेवलं का तुमी? तेलाचा वास येऊन राहिला."

शिवकन्या दारात उभी होती. गॅस बंद होता. असलं तेल तिनं वर्षभर कडवलं नव्हतं. आत्याबाईंच्या मालिशसाठी कडवायची, तेवढंच.

ती "न्हाई" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

चहा घेऊन ती ओसरीत आली तेव्हा देविदास पाठमोरा बसून ब्रश धूत होता. तिची चाहूल त्याला लागली नाही. तो मान न वळवता मोठ्यानं ओरडला, "वहिनी, हात नका लावू त्याला! वलं हाय अजून. नखानं फाटंल!"

"मी हितंच हाय की," ती म्हणाली.

देविदास वळला. तिच्याकडे बघितलं. मग आतल्या दाराकडे बघितलं.

खर्र...

दोघांनीही ऐकलं.

खर्र... खर्र...

देविदास आत जाऊन आला. कागद जागेवर होता. खोलीत कोणी नव्हतं. "घूस असंल," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. भराभरा सामान गोळा केलं.

"चहा तरी घ्या की."

"न्हाई वहिनी. बस हुकंल माझी."

बस यायला अजून दीड तास होता.

शिवकन्यानं हरीशला काही सांगितलं नाही. काय सांगणार? तो आला, कागदावरून हात फिरवला, "झकास झालं" म्हणाला. दोन दिवस काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात फरशीवर आडवी झाली होती. कूलरचा आवाज होता. तीनच्या सुमाराला लाईट गेली. कूलर थांबला.

सगळं गप्प झालं.

आणि मग...

खर्र... खर्र...

तुम्हाला वाटेल ती किंचाळली असेल, बाहेर पळाली असेल. तसं काही झालं नाही. ती मला म्हणाली, "दादा, भ्यायलासुद्धा अंगात जीव लागतो. माझ्यात तेवढाबी न्हवता."

तिचं अंग आपोआप उठलं. तोंडातून सवयीनं निघालं, "आले हो आत्याबाई, आले."

आवाज थांबला.

ती मधल्या खोलीच्या दारात गेली. वेली, पानं, बदामी रंग. बाकी काही नाही. परत येऊन आडवी झाली. दहा मिनिटं गेली असतील.

खर्र...

मग ती भिंतीपाशी जाऊन बसली. बसून राहिली की शांत असायचं. उठली की सुरू. पाच वाजता आवाज आपोआप बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तीनला परत. तिसऱ्या दिवशी परत.

रोज तेच. अंगणवाडीतून यायचं, दोन घास खायचे आणि त्या भिंतीपाशी बसायचं. भिंतीला डोकं टेकून तिचा डोळा लागायचा, की कानाशी कागदाच्या आतून एक चरा ओढल्यासारखा आवाज यायचा. पंधरा दिवसांत ती निम्मी झाली. अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढता वाढता ती उभ्या उभ्या झोपली आणि हातातली पळी सुटली, तेव्हा मदतनीस बाईनं हरीशला फोन केला.

हरीशनं दुसऱ्या दिवशी रजा टाकली. तिला सांगितलं नाही. सकाळी डबा घेऊन निघाला आणि सव्वातीनला परत आला.

दार नुसतं लोटलेलं होतं. तो आत आला आणि त्याला आवाज ऐकू आला. स्वतःच्या आईच्या नखांचा. तीन वर्षं घरात ऐकलेला. त्यात चूक होणं शक्यच नव्हतं.

तो मधल्या खोलीच्या दारात गेला.

शिवकन्या भिंतीपाशी मांडी घालून बसली होती. डाव्या हातात पाण्याची वाटी. उजव्या हातात चमचा. चमचा तिनं भिंतीजवळ हवेत धरला होता.

"काय करून राहिलीस?"

ती दचकली नाही. "आज बसले तरी थांबंनात. तहान लागली त्यास्नी," म्हणाली.

हरीशनं तिला बाजूला सारलं. कागदाच्या कोपऱ्यात नखं घातली आणि तो पट्टा वरपर्यंत टरकावला. खाली देविदासची पुट्टी होती. पांढरी, गुळगुळीत. तिच्यावर एक चरा नव्हता. केसाएवढासुद्धा नाही.

आणि तरी...

खर्र... खर्र...

त्याच उंचीवरून. त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर.

हरीश मटकन खाली बसला. चुरगाळलेला कागद त्याच्या मांडीवर पडला होता.

तेव्हा शिवकन्या बोलली. वर्षभर जे कुणाला सांगितलं नव्हतं ते.

"त्या दिवशी मला ऐकू येत होतं."

हरीशनं वर बघितलं.

"दोन रात्री झोपले न्हवते मी. आत्याबाईला पेज पाजली अन् चुलखोलीत पडले. त्यांनी भिंत खरवडायला सुरुवात केली. मला ऐकू येऊन राहिलं. म्हणलं, खरवडू द्या. पाच मिनिटं. पाचच मिनिटं पडते." ती थांबली. "उठले तवा पाच वाजले होते. अन् आवाज थांबला होता."

तिला वाटलं आता हा ओरडेल. हात उगारेल. उगारला असता तरी तिला चाललं असतं.

हरीशनं मांडीवरचा कागद बाजूला केला. मग त्या पुट्टीकडे बघत म्हणाला,

"मीबी जागाच होतो."

"काय?"

"रातपाळी करून आलतो. भायेरच्या खोलीत पडलतो. तुला वाटलं झोपलो. मला आल्ता आवाज, शिवकन्या. म्हणलं, तू जाशील. रोज तूच जायचीस." त्यानं भिंतीकडून मान वळवली. "चांगला अर्धा तास चालू होता. मी कूस बदलली अन् कानावर उशी घेतली."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

भिंत गप्प होती.

शिवकन्याला वाटलं, संपलं. आता बोलून झालं, आता संपलं.

त्या रात्री ती सात तास झोपली. हरीशनं देविदासला फोन केला, उरलेल्या रोलमधला पट्टा लावून द्यायला सांगितलं. तो आलाच नाही. मग नवरा-बायकोनं स्वतःच खळ कालवली, हरीश स्टुलावर चढला, तिनं खालून कागद धरला. पट्टा थोडा तिरका बसला. वेली जुळल्या नाहीत. पण फुगा आला नाही.

हे सगळं तिनं मला मे महिन्याच्या शेवटी सांगितलं. मी वसमतहून सहज भेटायला गेलो होतो. रविवार होता, दोघंही घरी होते. ओसरीत बसून आम्ही चहा पीत होतो. हरीशदाजी हसतसुद्धा होते. मी म्हणालो, "मनावरचं ओझं असतं असं. बोललात, उतरलं."

शिवकन्या काहीतरी उत्तर द्यायला लागली...

आणि थांबली.

दाजींनी कप खाली ठेवला.

दोघं एकाच वेळी उठले. एकमेकांकडे न बघता.

"आलो, माय," दाजी म्हणाले.

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. शपथेवर सांगतो. देविदासला आलं होतं, मला का नाही, ते माहीत नाही. मी घड्याळात पाहिलं. तीन वाजून चार मिनिटं.

मी त्यांच्या मागं गेलो. खोलीत पलंग नव्हता, तो कधीच देऊन टाकला होता. दोघं भिंतीपाशी बसले होते, मधे माणूसभर जागा सोडून. दाजींनी एक हात हवेत असा धरला होता, जसा आपण आजारी माणसाची मान उचलताना धरतो. हाताच्या शिरा ताणलेल्या. वजन पेलताना ताणतात तशा.

शिवकन्यानं चमच्यानं पाणी पाजलं.

एक चमचा. दोन. सात-आठ चमचे तरी.

मी दारात उभा होतो. चमचा भरून जायचा आणि रिकामा परत यायचा. मी खाली फरशीकडे बघत होतो, कारण वर बघायची माझी हिंमत नव्हती.

फरशी कोरडी होती.

एक थेंबसुद्धा नव्हता...

पाच वाजता ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी म्हणालो, "घर सोडा हे. वसमतला या, मी खोली बघतो. नाहीतर कुणाला तरी दाखवू."

ती थकल्यासारखं हसली.

"कशाला दादा? आता आमी दोघं मिळून उठतो ना. पयल्यासारखी तकलीफ न्हाई ऱ्हायली."

मी गाडीला किक मारली. त्यानंतर हट्ट्याला गेलो नाही. तिचा फोन येतो अधूनमधून, बहुतेक सकाळी.

दुपारी आला, तर मी उचलत नाही.