रिकामी किटली

त्या संध्याकाळी क्रांतीला मिळवायचं होतं ते एवढंच – रांगेतला एक नंबर. एक नंबर पुढं सरकला की घरी दहा मिनिटं लवकर. दहा मिनिटं लवकर म्हणजे आई भाकऱ्या थापत असतानाच आपल्या खोलीत शिरायचं आणि 'गारगोटीच्या स्थळाचं काय कळवायचं?' हा प्रश्न दाराबाहेर ठेवून कडी लावायची. सौदा फायद्याचा होता. म्हणून तिनं मोपेडचा हॉर्न दाबला. चांगला लांबलचक.

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हशी समोर उभ्या असतात आणि धार तुमच्या डोळ्यांदेखत काढली जाते; कुणी तिथंच पेल्यात पितं, कुणी किटलीत भरून घरी नेतं. तिथं हॉर्न वाजवायचा नसतो, हे कोल्हापुरात पोराटोरांनाही कळतं. क्रांतीलाही कळत होतं. पण कळणं आणि थांबणं यांचं तिच्याकडं कधी जमलंच नव्हतं. मागच्या स्थळाला तर तिनं सरळ सांगितलं होतं, "हो की नाही ते पोहे संपायच्या आत सांगा." ते पोहे अर्धेच टाकून उठले होते.

चंद्री नावाच्या म्हशीनं कान टवकारले, शेपटी आपटली आणि पान्हा चोरला. धार थांबली.

"झालं समाधान?" चंद्रीचे मालक आकाराम बादली घेऊन उठले. "आता बसा सगळी. बाईसाब म्हशीला घाई करायला आल्यात."

सगळी रांग क्रांतीकडं बघू लागली. तेवढ्यात अगदी पुढं उभा असलेला, हातात स्टीलची किटली धरलेला एक उंच तरुण मागं वळला.

"या पुढं. माझा नंबर घ्या."

"का?"

"घाई हाय न्हवं तुम्हाला?"

"आणि तुम्हाला?"

"मला न्हाय," तो म्हणाला, आणि हसला… असा, की जणू घाई नसणं ही त्याची घरची इस्टेट आहे.

क्रांतीनं नंबर घेतला, पण मनात खूण करून ठेवली. ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात होती. पुरवठादार न मागता सूट देतो तेव्हा पुढच्या खेपेला तो काय मागणार, हे ओळखण्याचाच तिला पगार मिळे. फुकट नंबर देणारा माणूस? ह्यॅ!

दुसऱ्या दिवशी तो होताच. तिसऱ्याही. नाव पृथ्वीराज, हे आकारामांच्या हाका ऐकून कळलं. तो पुढं उभा राही, मागून येणाऱ्याला नंबर देई आणि सरकत सरकत नेमका क्रांतीच्या शेजारी येऊन थांबे.

"घरी चिडलात की भांडी आपटता का ओ?" त्यानं एकदा विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"न्हाय… सहज."

"सहज असं कुणी विचारत नसतं."

"मग मुद्दाम विचारलं समजा."

ती रांगेत एक पाऊल पुढं सरकली. पण घरी गेल्यावर पातेलं ठेवताना तिचा हात आपोआप हलका झाला, आणि त्याचाच तिला राग आला.

चंद्री मात्र तिच्या पगाराला किंवा रागाला बधणारी नव्हती. रेडकू ढुशी देणार, आकाराम कास धुणार, चंद्री रवंथ करत विचार करणार… मग कधीतरी पहिली धार बादलीत वाजणार. क्रांती घड्याळाकडं आणि म्हशीकडं आळीपाळीनं बघत राही.

"तिच्याकडं असं रोखून बघू नका," पृथ्वीराज हळूच म्हणाला. "लाजती ती."

"मग कुठं बघू?"

"कुठंबी… माझ्याकडं बघितलं तरी चालंल. मी न्हाय लाजत."

तिनं बघितलं. आणि तो लाजला की! कानाच्या पाळ्या लाल झाल्या. क्रांतीनं हसू दाबायला ताज्या दुधाचा पेला तोंडाला लावला, तर वरच्या ओठावर फेसाची मिशी उमटली. त्यानं न बोलता आपल्या ओठावर बोट फिरवून दाखवलं. दुधाची ऊब पेल्यात होती… मग गालांवर कुठून आली, याचा हिशोब तिला लागेना.

त्या रविवारी तिनं मोपेडच्या हॉर्नची वायर काढून टाकली. कुणाला सांगितलं नाही. पण तो मोपेडशेजारीच उभा राहायचा. सुटलेली वायर त्यानं बघितली, हे तिला दिसलं.

संशय तेवढा जाईना. कारण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती: हा माणूस जाताना किटली ज्या सहजपणे हलवत नेई, तशी भरलेली किटली नेता येत नाही.

उलगडा केला तो शालूबाईंनी. त्या नातवासाठी रोज दूध न्यायच्या आणि त्याच किटलीतून गल्लीभर बातम्या. "ते पोरगं दूध कशाला घेतंय, बाई? त्याच्या घरी गोठाभर म्हशी हायत. गारगोटीला."

"कुठं?"

"गारगोटीला गं."

क्रांतीनं बेरीज केली. स्थळ गारगोटीचं. चौकशी गुपचूप चालते, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे भांड्यांचा प्रश्न, तो नंबर, ते हसू… सगळी परीक्षाच? आणि आपण वेड्यासारखं वायर काढून बसलो!

दुसऱ्या संध्याकाळी तिनं त्याच्या हातातली किटली सरळ ओढून घेतली आणि झाकण उघडलं. आत ठणठणीत कोरडं.

"कुणी पाठवलंय तुम्हाला?"

तो मान खाजवू लागला. "…काकीनं."

"कोण काकी?"

"हंबीरराव माझा चुलतभाऊ. तुमचं स्थळ त्याचंच. मी इथं नोकरीला असतो म्हणून काकी म्हणाली, पोरगी स्वभावाला कशी हाय ते बघून कळीव."

"मग? काय कळवलंत?"

"पहिल्यांदा सांगितलं, चौकशी चालू हाय. मग परत तेच. परवा काकीनं लईच धरलं, तेव्हा सांगितलं… पोरगी उतावळी हाय, फटकळ हाय, म्हशीवर हॉर्न वाजवती. दादाला न्हाय झेपायची."

"म्हणजे स्थळ मोडलंत माझं!"

"खोटं एक अक्षर न्हाय बोललो."

"आणि वायर काढली, ते?"

"ते न्हाय सांगितलं." त्यानं पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत थेट बघितलं. "ते सांगितलं असतं, तर घरचे हो म्हणाले असते की… आणि मला ते सोसलं नसतं."

रेडकू ओरडलं. रांगेतलं कुणीतरी खोकलं. पृथ्वीराज एक पाऊल पुढं आला. "मग… तुमचं काय म्हणणं?"

आधीची क्रांती असती तर पेला रिकामा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळी झाली असती. या क्रांतीनं किटलीला झाकण लावलं. ज्यानं घरच्यांना अर्धं सांगितलं, तो आपल्यालाही अर्धंच सांगत असेल, तर? शांत राहणं हे त्याचं सोंगही असू शकतं. जन्माची गोष्ट आहे, एका नंबराची नाही.

"आधी दादांना सगळं सांगून या. वायरीसकट," ती म्हणाली.

"आणि तुमचं उत्तर?"

तिनं किटली त्याच्या हातात दिली. "चौकशी चालू हाय."

तो गेला, आणि कट्ट्यावर यायचा बंद झाला. क्रांती रोज रांगेत उभी राहिली. कुणाचा नंबर मागितला नाही, घड्याळ बघितलं नाही. शालूबाई खडा टाकून बघत, "आज एकटीच?" ती नुसती हसे. वाट बघायला ती शिकली खरी, पण वाट बघताना छातीत काय काय होतं, हे काही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी, चंद्रीची पहिली धार बादलीत वाजत असतानाच, रस्त्याच्या पलीकडं एक मोटारसायकल दिसली. मध्ये रिक्षा, उसाचा ट्रॅक्टर, सायकली. पृथ्वीराज अडकला होता. तो टाचा उंचावून बघत होता, हात हलवत होता… आणि न राहवून त्यानं हॉर्न दाबला. तिच्यापेक्षाही लांबलचक.

चंद्रीनं शेपटी आपटली.

"आता हे कोण आलंय पावणं!" आकाराम कडाडले.

पावणं धापा टाकत कट्ट्यावर पोचलं. "सांगितलं सगळं. दादा हसला. म्हणाला, हेच आधी सांगायचं की, उगं मला गुडघ्याला बाशिंग बांधून बसवलंस. काकी मात्र बोलंना माझ्याशी… आता तुमचं सांगा. मला आणखी न्हाय दम निघत!"

क्रांती त्याच्याकडं बघत राहिली. सोंग घेणारा माणूस शेवटपर्यंत शांत राहतो. हा घाईला आला, म्हणजे माल खरा.

"व्हय," ती म्हणाली.

"काय?"

"व्हय म्हटलं की! का आता हॉर्न वाजवून सांगू?"

सौद्यात क्रांतीला नवरा मिळाला, पृथ्वीराजला होकार आणि हंबीररावांना सुटका. किंमत भरली ती रांगेनं. चंद्रीनं त्या संध्याकाळी त्यानंतर थेंब दिला नाही. तिच्या रांगेतल्या सगळ्या किटल्या रिकाम्याच घरी गेल्या, आणि शालूबाईंच्या नातवाला पिशवीतलं दूध प्यावं लागलं.