ती असं म्हणालीच नव्हती

ती चुकून भलत्याच सभागृहात शिरली होती. परिषदेतलं तिचं सत्र पलीकडच्या दालनात होतं. पण मागच्या रांगेत पंख्याखाली जागा दिसली आणि बाहेर फार उकडत होतं, म्हणून ती बसली. व्यासपीठावर एक उंच, किंचित वाकून बोलणारा प्राध्यापक तळ्यांच्या पाण्यावरचा निबंध वाचत होता. अचानक त्यानं तिचं आडनाव घेतलं.

“या गृहस्थांनी आपल्या प्रबंधात सिद्धच केलंय, की गोगलगायी कमी झाल्या म्हणूनच तळ्याचं पाणी गढूळ होतं.”

तिनं हात वर केला. “त्यांनी असं म्हटलेलं नाही.”

“माफ करा, पण... तुम्हाला कसं माहीत?”

“तो प्रबंध माझा आहे.”

सभागृहात हशा पिकला. तो कानापर्यंत लाल झाला. दुसरा कुणी असता तर त्यानं गोलगोल बोलून वेळ मारून नेली असती. हा म्हणाला, “मी मूळ प्रबंध पाहिलेला नाही. दुसऱ्याच्या लेखात उल्लेख होता, तिथून उचलला. चूक माझी आहे.”

ती थोडी चकितच झाली. इतकं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं.

सत्र संपल्यावर त्यानं तिला जिन्यात गाठलं. “तुम्ही नेमकं काय म्हटलं होतं?”

“दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या. पण एकीमुळे दुसरी घडली, असं म्हणता येत नाही.”

“म्हणजे बरोब्बर उलटं!”

“एकानं दुसऱ्याचं उतरवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. तुमच्यापर्यंत येईतो त्यातलं ‘नाही’ गळालं.”

“पान नंबर सांगता?”

“सांगितला तर तुम्ही तेवढंच पान वाचाल,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

प्रबंधाची प्रत तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात होती आणि बाहेर नेता येत नव्हती. तो शनिवारी आला. पुढच्या शनिवारीही आला. ती आधी नुसती टेबलाजवळून जायची. मग समोर बसू लागली, त्याचा निबंध पुढ्यात ओढून, हातात पेन्सिल घेऊन.

“हे लेखक शेवटच्या संदर्भयादीत आहेत, निबंधात कुठेच नाहीत.”

“यादी जरा भरलेली दिसावी म्हणून...”

“काढा. आणि हा परिच्छेद? ही भाषा तुमची नाही.”

“खाली नाव दिलंय की त्यांचं.”

“नाव दिलंत, अवतरणचिन्हं कुठायत? शब्द जसेच्या तसे घेतले तर ती हवीतच.”

त्यानं मान वर केली. “माझी भाषा... तुम्हाला ओळखू येते?”

ती पेन्सिलीला टोक करत बसली. टोक मुळात छान होतं.

घरी वहिनीनं त्याचं नावच ‘गोगलगाय’ ठेवून टाकलं होतं. “एक प्रबंध वाचायला इतके शनिवार?”

“नीट वाचतोय तो.”

“कुणाला?” वहिनीनं विचारलं. दादा वर्तमानपत्राआड हसला.

तो प्रबंध आजवर कुणी सलग वाचला नव्हता. परीक्षकांनी चाळला होता, दादानं फक्त आभाराचं पान पाहिलं होतं. आता कुणीतरी वाचत होतं, म्हणून बरं वाटणं साहजिक आहे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

प्रबंध वाचून झाला त्या दिवशी त्यानं आपली अडचण सांगितली. निबंध एका मासिकानं स्वीकारला होता. त्याच्या जोरावर त्याची कायम नोकरीची मुलाखत ठरली होती. गोगलगायींचं ते एक विधान काढलं तर निबंधाचा पायाच जात होता.

“आमचे विभागप्रमुख म्हणतात, कोण तपासतंय, राहू दे... तुम्ही काय म्हणता?”

“निबंध तुमचा आहे.”

“नाव तुमचं आहे त्यात.”

“म्हणूनच मी काही सांगणार नाही.”

हे तिनं इतकं कोरडं म्हटलं की जिना उतरताना तिचं तिलाच खटकलं.

त्यानं निबंध मागे घेतला. नोकरी दुसऱ्याला मिळाली. हे तिला एका सहकाऱ्याकडून कळलं. तो मात्र शनिवारी येईनासा झाला. तिनं काही दिवस वाट पाहिली, म्हणजे आपण वाट पाहत नाही असं वहिनीला सांगत राहिली. मग एका दुपारी तीच त्याच्या कॉलेजात गेली. प्राध्यापकांच्या खोलीत तो एकटाच लिहीत बसला होता. तिला पाहून तो इतक्या घाईनं उठला की खुर्ची मागे आपटली.

“राग आलाय?” तिनं विचारलं.

“तुमचा? छे. लाज वाटत होती. नवीन निबंध झाल्यावरच तोंड दाखवायचं ठरवलं होतं.”

त्यानं कागद पुढे केले. निबंध आता निम्माच उरला होता. तिचं वाक्य त्यात ‘नाही’सकट होतं, अवतरणचिन्हांत, पान नंबर देऊन. पुढे शेवाळ्याबद्दलची एक गोष्ट होती. ती तिनं ग्रंथालयात सहज सांगितली होती. तिथे आधार म्हणून त्यानं कंसात लिहिलं होतं – व्यक्तिगत संवाद.

“बोलण्यातलं छापायचं तर परवानगी लागते ना?” तो म्हणाला.

“वापरा.”

“एवढंच वापरतो. बाकी जे बोललात... ते माझ्यापाशी राहू दे.” तो थांबला. “मला तुम्ही आवडता.”

बाहेर तास संपल्याची घंटा झाली. व्हरांड्यातून मुलांचा लोंढा गेला. गोंगाट ओसरल्यावर तिनं टेबलावरची पेन्सिल उचलली.

“याला आधार?” तिला हवा होता तितका तिचा आवाज कोरडा निघाला नाही.

“कुणाचाच नाही. हे माझं स्वतःचं आहे.”

“मग मान्य आहे,” ती म्हणाली. “फक्त ते तुम्ही-तुम्ही आता बंद कर.”

“तू...” तो म्हणाला, आणि मागे आपटलेली खुर्ची तिच्यासाठी पुढे ओढली.