कडूबाई येते

लाव पैज. शेवट ओळखलास तर हा रामकिसन महिनाभर कुनाची खोडी काढनार नाय. भरवसा नाय? नको ठेवूस. ऐक, आन तो दिवा जरा इकडं सरकव.

हर्सूलच्या कंप्युटर ऑफिसात मी गेटवर. एका दुपारी विशाखाताईला चहा द्यायला वर गेलो. तिच्याकडं लॉगची लायब्ररी. पयल्यांदा मी इचारलं व्हतं, "ताई, पुस्तकं कुठंयत?" कपाळाला हात मारला तिनं. "मामा, पुस्तकं नाय. वेबसाइटवर जे घडतं त्याची ओळ आपोआप लिहिली जाते. वेळ, नाव, काय झालं, कुणासोबत. ज्याचं त्याच्या खान्यात." म्हंजी माझी गेटाची वहीच की! आन खरंच, ती लायब्ररी आधी आमच्या गेटवर चालवून बघायची, मग पन्नास वेबसाइटींना द्यायची.

आता खोड माझी. मानूस बाहेर पडला की यंत्रात "गेला" उमटायचं. मी आमच्या मालकांना दाखवलं, "बघा आप्पासाहेब, तुमी गेला." लई भडकले. "मी काय मेलो काय? येतो म्हनावं, येवढं कळत नाय?" मी गालात हसलो. ताईनं वैतागून "गेला-गेली" काढलं, "येतो-येते" घातलं. जुन्या समद्या ओळींत बी.

तर त्या दुपारी वर फिनेलचा वास. फरशी वली.

"मामा, बास करा आता," ताई दात खाऊन बोलली. "चारच्या आत नवी लायब्ररी नाय दिली तर माझी नोकरी जाईल. आन तुमचे हे धंदे..."

पडद्यावर ओळ. कडूबाई. आली. दोन वाजून दहा.

कडूबाई आमची झाडूपोछावाली. दिवाळीत वारली. तिची शेवटची ओळ आता "कडूबाई येते" अशी झाली व्हती.

"मी नाय, ताई. आईची आन."

"तुमची आन!" तिनं ओळ पुसली. परत आली. पुसली. परत. पाठीमागं बादली सरकली... फडकं पिळल्यावानी पानी गळलं... वळून बघतो तं कुनी नाय.

ताई रडकुंडीला आली. "जा ना गं बाई... काम करू दे मला..."

मग तिनं कडूबाईच्या नावाम्होरं हातानंच "गेली" लिहिलं. यंत्र अडलं, इचारायला लागलं, कुणासोबत? ताईनंच सकाळी कायदा केलेला, एक बी खाना रिकामा सोडायचा नाय.

"टाका कायबी," मी म्हनलं.

"माझंच नाव टाकते. मिटू दे एकदाचं."

माझं टाका, असं म्हनता आलं असतं मला. नाय म्हनलो.

बादली थांबली. फरशी सुकली. चारच्या आत काम पोचलं, आप्पासाहेबांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी गेटचं यंत्र तिला आत घेईना. मग ग्यासची वेबसाइट, मग बँकेची. जिथं तिची लायब्ररी तिथं एकच ओळ, "विशाखा गेली". "बग आहे, मामा," ती करवादली. "काढते."

पैठणची आई तिला रोज दोनदा फोन करायची. दोन दिस आला नव्हता. तिसऱ्या दिवशी ताईनंच लावला, माझ्यासमोर, आवाज मोठा करून.

"आई, मी बोलतीय."

तिकडनं आईनं लई मायेनं इचारलं...

"कोन पायजे, बाई?"