कोंडवाडीची ऊब

आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चांगुणा ढेबे आभाळमाळ पठारावरच्या नियंत्रण कक्षात हजर झाली. पडद्यावर तीनशे वीस हिरवे आकडे होते. प्रत्येक कुंडाचं पाणी बरोबर चाळीस अंश. काचेपलीकडे पाहुणे गळ्यापर्यंत बुडून सरबतं पीत होते. तिने पिशवीतून तापमापक काढला आणि डॉ. पाळंद्यांच्या टेबलावर आपटला.

"कड्याखाली, आमची कोंडवाडी. आज पहाटे. उणे एक."

पाळंदे या कुंडांचे जनक. उष्णोपसा हे यंत्र त्यांचं आणि शब्दही त्यांचाच. नदीचं पाणी उपसून शेतात चढवावं, तशी हवेतली उष्णता उपसून पाण्यात चढवायची.

"यंदा हवामानच विचित्र आहे, चांगुणाबाई."

"सर, हे आमच्या म्हशींनासुद्धा पटायचं नाही. पाहुण्यांना सांगता तेच मला सांगा. उपसा उष्णता तयार करतो?"

"नाही. एक भाग वीज खातो आणि सहा भाग उष्णता हवेतून ओढतो."

"ओढून झाल्यावर त्या हवेचं काय?"

"गारठते. नव्या शीतद्रवामुळे वीसेक अंशांनी. पण एवढ्या मोकळ्या आभाळात ती विरून जाते."

"वारा असला तर! पहाटे वारा पडतो. गार हवा जड. ती कडा उतरून खाली येते, आणि कोंडवाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतलं वाडगं. उन्हं चढेपर्यंत भरलेलं राहतं."

पाळंद्यांनी चष्मा काढला. "गार हवा बाहेर फेकणारे पंखे कड्याकडे कुणी फिरवले होते?"

"मी," चांगुणा म्हणाली.

पुस्तकात तसंच होतं. उपशाने बाहेर टाकलेली गार हवा पुन्हा त्याच्याच तोंडात जाता कामा नये, नाहीतर यंत्राचा दम तुटतो. शिवाय कुंडाबाहेर निघालेले पाहुणे कुडकुडत होते. तिने पाना घेऊन एकेक पंखा दरीकडे वळवला. सगळे उपसे एकदम जोमाने चालू लागले. कंपनीने तिचा फोटो भिंतीवर लावला. आईने तो फोनवर पाहून वाडीभर दाखवला होता.

त्याच आईने मग फोन केला होता. "चांगे, चैत लागला तरी गोठ्यातलं पाणी गोठतंय गं."

"वय झालं तुझं, आये. दुसरी घोंगडी घे," ही म्हणाली आणि फोन ठेवला. समोर सतरा नंबरचं कुंड अर्ध्या अंशाने उतरलं होतं.

तिसऱ्या दिवशी आई उठलीच नाही. शेवटच्या आंघोळीसाठी बायकांनी अंगणात चूल पेटवली, पण त्या गारठ्यात हंडा काही केल्या तापेना. शेवटी कोमट पाण्यानेच न्हाऊ घातलं. वर कड्याच्या टोकाला मात्र कुंडांची वाफ चढत होती. ती वाफ कुणाच्या अंगातून उपसलेली आहे, हे चांगुणाला तिथे हंड्यापाशी बसल्या बसल्या कळलं.

"कुंडं बंद करा," ती आता पाळंद्यांना म्हणाली.

"ते माझ्या हातात नाही."

"मग पंखे परत फिरवते. पाहुण्यांना कुडकुडू दे की जरा!"

"पाना हातात घेतलात तर दारातून बाहेर काढतील आणि दुसऱ्याकडून पुन्हा दरीकडे वळवून घेतील." पाळंदे खरंच बोलत होते. सगळ्यात जास्त संताप त्याचाच येत होता.

आठ दिवसांनी कंपनीचा कनवाळूपणा आला: कोंडवाडीसाठी एक उष्णगृह. साठ माणसं आणि सगळी गुरं पहाटे उबेत राहतील एवढं मोठं. त्याला बारा उपसे. उभारणी चांगुणाबाईंच्या देखरेखीखाली.

भावाचा फोन आला. मागे त्याचं तान्हं खोकत होतं. "ताई, सही कर गं. पोरगं निळं पडतंय पहाटे."

तिने नकाशा पसरला. पाळंदे शेजारी उभे राहिले. दोघांनाही पुस्तक पाठ होतं. बारा पंख्यांच्या तोंडाची दिशा बाणाने दाखवायची होती. तीन बाजूंना डोंगर. चौथी बाजू उताराची, आणि उताराच्या तळाशी आंबेडोह. पंचवीस उंबरे. त्यातला एक तिच्या आत्याचा.

तान्ह्याचा खोकला तिच्या कानात होता. तिने बाण काढला. पुस्तकातल्यासारखा, सरळ, उताराकडे. खाली सही केली.

मग बाहेर येऊन आत्याला फोन लावला.

"आत्ये, ऐक. पहाटे थंडी वाजली तर वय झालं म्हणून गप्प बसू नकोस. घोंगडी घेऊन भागायचं नाही. उठायचं, वाडी जागी करायची आणि सगळ्यांनी तिथून निघायचं. ऐकतेयस ना?"

पलीकडे आत्या खळखळून हसली.

"अगं येडे, वैशाख तोंडावर आलाय. आता कसली थंडी?"