माफ केलं मी तुला

या गोष्टीत मी पदरचं काही घातलेलं नाही. उलट थोडं गाळलंच आहे, कारण जिच्यावर हे गुजरलं ती माझी आत्या अजून हयात आहे, आणि ज्याने हे ओढवून घेतलं तो तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे बाबा. बापाबद्दल असं लिहायला कुणाला बरं वाटतं? पण जे झालं ते झालं.

वेळ रात्रीची नव्हती. हे आधीच सांगते.

शनिवारची दुपार होती. लख्ख ऊन. जागा, आमचं चर्च.

आत्या बाबांना दादाच म्हणायची, म्हणून मीही इथे दादाच म्हणते. दोघांचा धंदा एकच, चर्चमधले मोठे नळ्यांचे ऑर्गन दुरुस्त करायचे आणि सुरात लावायचे. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने बाहेर स्टुलावर बसून पट्टी दाबून धरायची. दुसऱ्याने ऑर्गनच्या लाकडी कपाटात शिरून, नळ्यांच्या गर्दीत वाकून, ती एक नळी सुरात आणायची. दादा आत. आत्या बाहेर. आतून दादा म्हणायचा, "पुढे." की आत्या पुढची पट्टी दाबायची.

सूर लागला की नाही, हे मात्र आत्या सांगायची. दादाचा हात चांगला होता, पण कान तिचा. तिच्या कानावरच त्यांचं नाव झालं होतं.

जन्मभर हेच चाललं. त्यामुळे दोघांना एक खोडच लागली होती. बोलायचं ते फळीच्या आडून, एकमेकांचं तोंड न बघता. घरात जेवताना दादा मुका. आत नळ्यांमध्ये शिरला की त्याला वाचा फुटायची. आजी, म्हणजे त्यांची आई, गेल्याचं दुःखही त्याने आतूनच बोलून दाखवलं होतं. आत्या थट्टा करायची, म्हणायची, दादाला काही कबूल करायला लावायचं असेल तर त्याला कपाटात कोंडा.

आत्याने लग्न केलं नाही. म्हणजे, ठरत आलं होतं. चर्चच्या गायकवृंदात एक मास्तर होते. त्यांनी दादाकडे येऊन रीतसर मागणीही घातली. आत्याने साडीसुद्धा मनात ठरवून टाकली होती. आणि एक दिवस मास्तर गाव सोडून गेले. निरोप नाही, काही नाही. आत्या आयुष्यभर एकच शोधत राहिली... माझं चुकलं काय?

तर तो शनिवार.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. आमच्या पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, दंडक होता, प्रभुभोजनाच्या आधी ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्याने जाऊन ते मिटवायचं, केलेलं पाप कबूल करायचं, मगच भाकरीला हात लावायचा. दादा दर वेळी हात लावायचा. पण त्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की हृदय थकलंय, जपा. तेव्हापासून तो घाबरला होता.

काम करता करता आतून दादाला धाप लागलेली आत्याने ऐकली. ती म्हणाली, "पाणी आणते रे." नळ्यांना हवा पुरवणारा पंखा घरघरत होता. दादाला ते ऐकू गेलं नाही, आणि ऐकू गेलं नाही हे तिला कळलं नाही.

ती मागच्या अंगणातल्या नळावर गेली. तांब्या भरला.

परत येताना व्हरांड्यात तिचे पाय थबकले.

ऑर्गन वाजत होता...

एकच सूर. मंद, लांबलचक, न तुटणारा. आत्याच्या मनात आलं, पाळकांची बायको येऊन बसली असेल. तिने दारातून डोकावलं.

स्टूल रिकामं होतं.

पट्टी खाली दाबलेली होती...

चर्चमध्ये दुसरं कुणीही नव्हतं. बाकं रिकामी. उन्हाचे पट्टे जमिनीवर. आणि कपाटाच्या आतून दादाचा आवाज.

"ऐकतेस ना?"

आत्या हो म्हणणार होती. तिने तोंड उघडलंही.

"ऐकतेय रे दादा..."

उत्तर स्टुलावरून आलं.

आवाज आत्याचा होता.

सारखा नव्हे. तिचाच. शब्द संपवताना ती जरा आवाज खाली सोडते, तसाच सोडलेला. जिचा कान नळीतला केसाएवढा फरक पकडतो, तिला त्या आवाजात काही वेगळं सापडलं नाही.

आणि मग दादा बोलला. थांबत, धापा टाकत, पण सगळं बोलला. मास्तर तिला सोडून गेले नव्हते. त्याने घालवले होते. "तुला फिट येतात, आमच्या घराण्यातच आहे ते, असं सांगितलं मी त्यांना. धडधडीत खोटं. तू गेली असतीस तर माझं काम बसलं असतं गं. तुझ्याशिवाय मला सूर कुठे कळतो?"

सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता, आणि ती इतकी वर्षं त्याच्याच ताटात वाढत आली होती. तिला ओरडायचं होतं. त्याला ओढून बाहेर काढायचं होतं. जन्माचं वाटोळं केलंस, असं म्हणायचा तिचा हक्क होता. माफ करायचं की नाही, हे ठरवायचा हक्क तिचा होता.

स्टुलावरून आवाज आला.

"असू दे रे. माफ केलं मी तुला..."

सूर थांबला. पट्टी वर आली.

सिनेमात अशा वेळी हातातला तांब्या पडतो. आत्याचा पडला नाही. तिने तो बाकावर नीट ठेवला.

दादा बाहेर आला तो डोळे पुसत, हलका होऊन. तिला दाराशी बघून म्हणाला, अगं, तू कधी उठलीस?

"आत्ता काय बोललास, ते माझ्याकडे बघून बोल."

"परत कशाला? झालं ना बोलून."

"मी इथे नव्हते दादा. मी नळावर होते."

दादाने तांब्याकडे पाहिलं. तिच्या ओल्या पदराकडे पाहिलं. मग हळूच मागे वळून त्या रिकाम्या स्टुलाकडे.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला कळलं होतं, हे आत्या आजही छातीठोक सांगते.

पण त्याने मान झटकली. म्हणाला, "तुझाच आवाज होता. तुझा आवाज मी ओळखणार नाही होय?"

आणि हत्यारं गोळा करायला लागला.

आत्या म्हणते, पहिला घाव मास्तरांचा. तो जुना होता, त्याची सवय झाली होती. हा दुसरा तिला जास्त लागला. समोर खरी बहीण उभी असताना त्याने फुकटात मिळालेली माफी उचलली.

दुसऱ्या दिवशी तो प्रभुभोजनाला गेला. आत्या जागची उठली नाही. भाकरी घेऊन तो तिच्या शेजारी येऊन बसला. मंडळी "आमेन" म्हणाली.

दादाचे ओठ हलले...

आवाज आला नाही.

मग गाणं सुरू झालं. दादा खर्जात गायचा, त्याच्या आवाजाने बाक थरथरायचं. त्या दिवशी तो तोंड भरून गात होता, आणि तिच्या कानाशी नुसती शांतता. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याही नाही.

ती पाळकांकडे गेली. घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, "बाई, तो आवाज कुणाचा, हे मला सांगता येणार नाही. पण ज्याच्यावर अन्याय केला त्याच्या डोळ्यांत बघायला माणूस घाबरला, की त्याला पश्चात्ताप नको असतो, नुसतं बरं वाटायला हवं असतं. आणि नुसतं बरं वाटायला लावणारे पुष्कळ असतात."

त्यांनी दादाला बोलावून घेतलं. दादाने काय सांगावं? म्हणाला, तिने माफ केलंय, पण आता वयामुळे तिला आठवत नाही, डोक्यावर परिणाम झालाय.

तेव्हा फिट. आता डोकं.

त्यानंतर घरामागच्या कारखान्यातही ते सुरू झालं. कारखाना म्हणजे एक लांब खोली, मध्ये फळ्यांची भिंत. दुपारी आत्या अलीकडे भात्याचं चामडं चिकटवत बसायची. पलीकडून दादाचं पुटपुटणं यायचं. गिऱ्हाइकाला जुनंच चामडं नवं म्हणून बसवलं, असल्या बारीकसारीक कबुल्या.

आणि मग तिचाच आवाज...

"असू दे रे. माफ केलं."

ती धावत पलीकडे जायची. दादा एकटा, पाठमोरा, निवांत.

पुढे पुढे तर दादा काही बोलायचाही नाही. नुसता उसासा टाकायचा, आणि माफी हजर. घरात त्याचं वागणं बदललं. आईला टाकून बोलायचा, मला फोनवर तोडून टाकायचा, गिऱ्हाइकांना बिनदिक्कत थापा मारायचा. पूर्वी चुकलं की निदान मान खाली जायची. आता नाही. चेहरा कसा तुळतुळीत, शांत. आत्याला त्या शांतपणाचीच भीती वाटायची.

कारखान्याच्या जमिनीत एक सैल फळी होती, मांजर गेलं तरी करकरायची.

दादा तिच्यावरून चालत आला तरी ती आता गप्प असायची...

आत्याला राग होता. होता म्हणजे, जळत होता. पण त्याच्या आत भीती शिरली होती. आपला भाऊ असाच गेला तर? खरी माफी न मागता, न मिळवता, त्या आवाजाचं बोट धरून गेला तर तो पोचणार कुठे? तिने ठरवलं. एकदा, फक्त एकदा त्याने तिच्या तोंडाकडे बघून म्हणावं. ती माफ करणार होती. जिवावर आलं असतं, तरी केलं असतं.

दादाने अंथरूण धरलं. ती वेळही दुपारचीच. आई औषधाच्या दुकानात गेली होती. मी गाडीत होते, वाटेवर. खोलीत दोघंच. दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला.

आत्या पलंगावर बसली. त्याचा खांदा धरून तिने त्याला आपल्याकडे वळवलं. म्हणाली, "दादा, माझ्याकडे बघ. एकदाच म्हण. मी इथे आहे. मी खरी आहे."

त्याने पाहिलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे भरून आले. त्याला म्हणायचं होतं, हे ती बायबलवर हात ठेवून सांगायला तयार आहे. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. मानेच्या शिरा ताणल्या.

आवाज आला नाही...

त्याने पुन्हा प्रयत्न केला. तिचा हात घट्ट धरला. तिने कान त्याच्या ओठांशी नेला. श्वाससुद्धा ऐकू येईना.

आणि दाराच्या पडद्याकडून, अगदी प्रेमाने...

"राहू दे रे दादा. माफ केलं मी..."

दादाची नजर तिच्यावरून सुटली. पडद्याकडे गेली.

"दादा, ती मी नाही! इकडे बघ!"

त्याने बघितलं नाही. त्याची पकड सैल झाली. चेहऱ्यावर तीच तुळतुळीत शांती पसरली, आणि तो गेला.

मी पोचले तेव्हा सगळे म्हणत होते, किती समाधानाने गेले बघा. आत्या कोपऱ्यात बसली होती. तिने त्या समाधानाकडे एकदाही पाहिलं नाही.

हे सगळं तिने मला गेल्या महिन्यात सांगितलं. आम्ही स्वयंपाकघरात होतो, टेबलाशी समोरासमोर. सकाळचे चहाचे कप अजून तिथेच पडलेले. शेवटी मुलगीच मी. राहवलं नाही, विचारलं.

"आत्या, मग आता तरी तू बाबांना माफ केलंस का?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे वाहत होते. तिने मान हलवली नाही, ओठही उघडले नाहीत.

"हो गं, केव्हाच..."

उत्तर पलीकडच्या खोलीतून आलं, आत्याच्याच आवाजात.

आत्याने टेबलावरून हात लांबवून माझं मनगट पकडलं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. उठून पलीकडे बघायला कुणीच गेलं नाही.